ग्राफिक्स कार्डाच्या खरेदीची वेळ : एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

संगणकावर खेळ खेळणाऱ्या मंडळींत ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे या विषयावर जितकी हिरिरीने चर्चा होते, तितकी ते कधी घ्यावे या विषयावर होत नाही. आणि झालीच तर ती "थांबा, नवे येते आहे" किंवा "थांबून आजवर कोणाचे भले झाले" अशा दोन ठराविक वाक्यांत आटोपते. वस्तुतः खिशाच्या दृष्टीने पाहू गेल्यास दुसरा प्रश्न पहिल्याहून भारी आहे. दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन प्रतिस्पर्धी कार्डांत, किमतीच्या मानाने, कामगिरीचा जो फरक असतो तो सामान्यतः बेताचाच असतो; परंतु एकाच कार्डाचा बाजारभाव थोडक्या महिन्यांत जवळजवळ दुप्पट झाल्याचे, आणि पुढे तो तितक्याच वेगाने कोसळल्याचे, गेल्या दशकात दोन वेळा सर्वांच्या अनुभवास आले आहे.

असे का व्हावे हे समजण्यासाठी या वस्तूची घडण थोडी ध्यानात घेतली पाहिजे. स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःचे पंखे असलेले ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटातला दुसरा संगणकच होय. त्याची चिप मुख्यतः एनव्हिडिया किंवा एएमडी आखते, ती बहुतांशी तैवानातील टीएसएमसीच्या कारखान्यात तयार होते, मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कारखानदारांकडून येते, आणि असूस, एमएसआय, गिगाबाइट यांसारखे जुळणी करणारे या सर्वांचे कार्ड बनवून वितरकांच्या हवाली करतात. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी तंगी झाली की तिचा भार शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलावर चढतो. आणि ही तंगी खेळांशी सुतराम संबंध नसलेल्या कारणाने उद्भवू शकते, हेच या प्रश्नाचे वैशिष्ट्य आहे.

पूर्वपीठिका

१९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीने व्हूडू हे त्रिमिती चित्रणासाठीचे कार्ड बाजारात आणले आणि घरगुती संगणकावरील खेळांचा चेहरामोहराच बदलला. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड काढून त्याला 'जगातील पहिला जीपीयू' असे बिरुद स्वतःच बहाल केले. २००० सालच्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाच्या पदरात पडली, २००६ साली एएमडीने एटीआय ही कंपनी ५.४ अब्ज डॉलरांना विकत घेतली, आणि पुढे २०२२ साली इन्टेल या आखाड्यात उतरेपर्यंत बाजारात मुख्यतः दोनच घरे उरली.

या दोन घरांच्या चढाओढीचा काळ हा गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सुगीचा होता. २००८ च्या जून महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरांना आणले; त्याच महिन्यात एएमडीने आपले एचडी ४८७० अवघ्या २९९ डॉलरांना आणून असा पेच टाकला की थोड्याच आठवड्यांत जीटीएक्स २८० ची किंमत ४९९ डॉलरांवर उतरवावी लागली, आणि ज्यांनी पहिल्या दिवशी उत्साहाने खरेदी केली होती त्यांना फरकाची रक्कम परत देण्याची तजवीज काही कार्डनिर्मात्यांना करावी लागली. जून २०१५ मध्ये ६४९ डॉलरांना आलेल्या जीटीएक्स ९८० टीआयची बरोबरी करणारे, किंबहुना त्याला किंचित मागे टाकणारे, जीटीएक्स १०७० हे कार्ड पुढच्याच वर्षी ३७९ डॉलर या जाहीर किमतीस आले. जो वर्षभर थांबला त्याचे सुमारे पावणेतीनशे डॉलर वाचले, आणि विजेचे बिलही हलके झाले.

'थांबा' या सल्ल्याची प्रतिष्ठा या कालखंडात तयार झालेली आहे. चिपेवरील ट्रान्झिस्टरांची संख्या ठराविक मुदतीत दुप्पट होत जाईल असे भाकीत गॉर्डन मूर यांनी १९६५ साली केले व १९७५ साली ती मुदत दोन वर्षांची ठरवली. या नियमाची फळे तोवर दर दोन वर्षांनी बिनबोभाट पदरात पडत होती, आणि म्हणून काळ हा खरेदीदाराच्या बाजूचा साक्षीदार आहे, हे गृहीतक कोणी तपासून पाहण्याच्या भानगडीत पडत नव्हते.

गृहीतक ढासळते

२०१७ पासून दृश्य पालटले. इथेरियमसारख्या क्रिप्टो चलनांच्या मायनिंगसाठी (म्हणजे संगणकाला गणितांना जुंपून ती चलने मिळवण्यासाठी) ग्राफिक्स कार्डे ठोक भावाने उचलली जाऊ लागली, आणि खेळणाऱ्यांसाठी दुकानांत उरल्या त्या रिकाम्या फळ्या आणि वाढीव दरपत्रके. ही मागणी किती मोठी होती हे एनव्हिडियाने आपल्या भागधारकांना पुरते सांगितले नाही, असा ठपका अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने ठेवला आणि मे २०२२ मध्ये हे प्रकरण ५५ लाख डॉलरांच्या दंडावर मिटले. २०१८ मध्ये क्रिप्टोचे भाव घसरले, कार्डांची आवक वाढली, आणि आता तरी पूर्वीचे दिवस येतील अशी आशा लोकांना वाटू लागली. परंतु सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या आरटीएक्स २०८० ने त्या आशेवर पाणी पाडले. त्याची जाहीर किंमत ६९९ डॉलर होती; आणि मार्च २०१७ मध्ये ह्याच किमतीला आलेल्या जीटीएक्स १०८० टीआयपेक्षा त्याचा वेग नाव घेण्याजोगा अधिक नव्हता, मेमरी तर ११ जीबीवरून ८ जीबीवर आली होती. दीड वर्ष थांबलेल्याच्या पदरात पडले ते प्रकाशाचे हुबेहूब चित्रण करणारे रे ट्रेसिंग आणि चित्र सुधारणारे डीएलएसएस. आणि या दोहोंचा उपयोग करणारे खेळ त्या दिवशी जवळजवळ नव्हतेच.

२०२० साली तर थांबणारे आणि न थांबणारे दोघेही एकाच वेळी फसले. आरटीएक्स ३०७० हे ४९९ डॉलरांचे (भारतात ५१,००० रुपयांचे) कार्ड हजार-बाराशे डॉलरांच्या आरटीएक्स २०८० टीआयच्या तोडीचे असेल असे १ सप्टेंबर रोजी जाहीर होताच, अनेकांनी आपली २०८० टीआय मिळेल त्या भावाने सेकंडहँड बाजारात काढून टाकली. १७ सप्टेंबरला आरटीएक्स ३०८० (६९९ डॉलर, भारतातील जाहीर किंमत ७१,००० रुपये) विक्रीस आले आणि पाहता पाहता संपले. संगणकीय बॉट लावून साठेबाजांनी ती उचलली होती. महामारीमुळे घरी बसलेल्या जगाची मागणी, चिपांचा जागतिक तुटवडा आणि मायनिंगची नवी लाट ही तिन्ही संकटे एकत्र आल्याने, ज्यांनी जुने कार्ड विकले होते त्यांना पुढे वर्ष-दीड वर्ष एक तर प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर दिवस काढावे लागले, नाही तर जाहीर किमतीच्या दुप्पट मोजावे लागले. भारतात ३०८० लाखाच्या पार गेले होते.

मग १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली यंत्रणाच बदलली, ग्राफिक्स कार्डांवरील त्याचे मायनिंग एका दिवसात निरर्थक झाले, आणि भाव आपटले. मार्च २०२२ च्या अखेरीस १,९९९ डॉलरांना आलेले आरटीएक्स ३०९० टीआय सहा महिन्यांत सुमारे अकराशे डॉलरांना मिळू लागले. एवढी घसरण पाहिल्यावर पुढच्या पिढीची किंमत माफक असेल असा तर्क कोणीही केला असता. आली ती आरटीएक्स ४०९० ची १,५९९ आणि ४०८० ची १,१९९ डॉलर अशी किंमत.

प्रतीक्षावादी पक्ष

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर आज जे मुख्य पक्ष दिसतात त्यांत प्रतीक्षावाद्यांचा पक्ष सर्वांत जुना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, नव्या पिढ्या अनियमित असल्या तरी अनाकलनीय नाहीत : एनव्हिडियाच्या मुख्य पिढ्या सप्टेंबर २०१४, मे २०१६, सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ अशा आल्या, म्हणजे अंतर वीस ते अठ्ठावीस महिन्यांचे पडले, तेव्हा एखादी पिढी दीड वर्षाची झाली असेल तर थांबावे, आणि नुकतीच आली असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांची गर्दी ओसरू देऊन घ्यावे. (ज्यांना दसरा, पाडवा वगैरे साडेतीन मुहूर्तांपैकीच एखादा साधायचा असतो त्यांच्या सोयीसाठी नमूद केले पाहिजे की, वरील तारखा कोणत्याही पंचांगाशी जुळत नाहीत.)

या पक्षाला शास्त्राधारही मिळतो. १९९९ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातील काही तरुण खगोलशास्त्रज्ञांनी अर्धवट गमतीने आणि अर्धवट गांभीर्याने एक टिपण लिहिले होते. त्यात त्यांनी मूरच्या नियमाच्या आधारे असा हिशेब मांडला की, जे गणित आजच्या संगणकावर सव्वीस महिन्यांहून अधिक चालणार असेल ते आज सुरू करण्यापेक्षा काही काळ स्वस्थ बसावे, मग नवा संगणक घ्यावा आणि त्यावर ते सुरू करावे. शेवटी ते आधीच पुरे होते. अर्थशास्त्राच्या बाजूने अविनाश दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक यांच्या १९९४ सालच्या ग्रंथाने हे दाखवून दिले की, जो खर्च एकदा केल्यावर परत फिरत नाही आणि ज्याचे भवितव्य अनिश्चित आहे, तो लांबणीवर टाकण्याच्या मोकळिकीलाच स्वतंत्र मूल्य असते.

तथापि दोन्ही आधारांचा भार किती पेलेल हे पाहिले पाहिजे. अ‍ॅरिझोनाच्या हिशेबातील गणिताला शेवट आहे. उत्तर एकदाच हवे आहे आणि ते लवकर आले की काम झाले. खेळणाऱ्याचे तसे नाही. त्याचा आनंद रोजच्या संध्याकाळी खर्च होणारा आहे, आणि जी संध्याकाळ अडखळत्या फ्रेमांत गेली ती नव्या कार्डाने भरून निघत नाही. चाळीत कांदा राखून ठेवणारा शेतकरी चढ्या भावाची आशा धरतो तेव्हा सडीचा वाटा हिशेबात धरलेला असतो. प्रतीक्षावाद्यांच्या जमाखर्चात हा सडीचा रकाना बहुधा कोराच आढळतो. दीक्षित-पिंडाइक यांच्या विवेचनाबाबत तर असे म्हणता येईल की ते मुळात थांबण्याची शिफारस करणारे नसून, थांबण्याची किंमत आणि न थांबण्याची किंमत या दोन्ही मोजायला सांगणारे आहे.

गरजवादी पक्ष

दुसरा पक्ष म्हणतो की, पंचांग मिटून ठेवावे. आपल्याला जो खेळ खेळायचा आहे तो आपल्या मॉनिटरवर नीट चालत नसेल आणि पैसे हाताशी असतील, तर आजचा दिवस चांगला. या पक्षाची भिस्त दरसाल पडणाऱ्या खर्चावर असते. त्यांचे आवडते उदाहरण पुन्हा जीटीएक्स १०८० टीआयचे : मार्च २०१७ मध्ये ६९९ डॉलरांना घेतलेल्या या कार्डाला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळत राहिले, म्हणजे साडेआठ वर्षांत वर्षाला सुमारे ८२ डॉलर पडले. एवढ्या दीर्घ मुदतीत खरेदी सहा महिने आधी झाली की नंतर, याचे महत्त्व जवळजवळ लोपते.

हा युक्तिवाद सबळ आहे, परंतु १०८० टीआय हे अपवादात्मक कार्ड होते हे विसरून चालणार नाही. ज्याने एप्रिल २०२२ मध्ये १,९९९ डॉलर देऊन ३०९० टीआय घेतले त्याचे सहा महिन्यांत नऊशे डॉलर गेले. त्याला गरज होती की नव्हती हा प्रश्न त्या नुकसानीपुढे गौण ठरतो. शिवाय 'गरज' ही कल्पना फार लवचीक आहे. १,०८० ओळींच्या मॉनिटरवर सेकंदाला साठ फ्रेमांवर समाधानी असलेल्या माणसाने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला की त्याची गरज एका रात्रीत वाढते. प्रस्तुत लेखकाच्या मते गरजवाद्यांच्या भूमिकेतील खरे सत्त्व मॉनिटरकडे बोट दाखवण्यात आहे. कार्डाची निवड आणि वेळ ही दोन्ही मॉनिटरची कुवत पाहून ठरवावी, हे ते सांगतात तेव्हा ते क्वचितच चुकतात.

खेळांच्या दिनदर्शिकेचा पक्ष

तिसरा पक्ष संख्येने लहान असला तरी विचाराने सर्वांत सूक्ष्म आहे. त्याचे प्रतिपादन असे की, कार्डांच्या पिढ्या पाहण्यापेक्षा खेळांच्या पिढ्या पाहाव्यात, आणि खेळांच्या पिढ्या ठरतात त्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवरून. मोठे खेळ आधी या यंत्रांना डोळ्यांसमोर ठेवून रचले जातात; तेव्हा यंत्राची शक्ती जिथे असेल तिथे संगणकावरील खेळाची किमान अपेक्षा दोन-तीन वर्षांत येऊन ठेपते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ८ जीबी सामायिक मेमरीचे प्लेस्टेशन ४ आले, आणि त्याच वर्षी २ जीबीचे जीटीएक्स ७७० घेतलेल्यांचा श्वास वेगाआधी मेमरीने कोंडला. नोव्हेंबर २०२० मध्ये १६ जीबीचे प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले. सुरुवातीची दोन वर्षे खेळ जुन्या यंत्रांनाही सांभाळून घेत राहिले, आणि मग २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' आणि 'हॉगवर्ट्स लेगसी' यांसारख्या खेळांनी ८ जीबीच्या कार्डांना एकाएकी घाम फोडला.

८ जीबी पुरेत की नाहीत हा वाद तेव्हापासून धुमसतो आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, पुढे आलेल्या दुरुस्त्यांनी त्यातले पुष्कळसे खेळ सुधारले, म्हणजे दोष खेळ घाईने आणणाऱ्यांचा होता. आणि चित्रणाची प्रत एक पायरी उतरवली की ८ जीबीचे कार्ड अजून काम भागवते. दुसरी बाजू उत्तर देते की, जे कार्ड विकत घेतल्याच्या दिवसापासून पायरी उतरवायला लावते ते पाच वर्षे कसे टिकावे? जून २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० मध्ये ८ जीबी मेमरी होती, तर त्याच्या पूर्वीच्या ३०६० मध्ये १२ जीबी. हे उलटे पाऊल दुसऱ्या बाजूच्या हाती आयते कोलीत देऊन गेले.

या पक्षाकडून मिळणारा आणखी महत्त्वाचा धडा म्हणजे कार्ड म्हातारे होण्याची रीतच बदलली आहे. पूर्वी कार्ड मंद होत होत निरुपयोगी ठरे, आता ते वेगवान असतानाही बाद होऊ शकते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधील 'डूम : द डार्क एजेस' हे खेळ रे ट्रेसिंगची सोय असलेल्या कार्डाशिवाय चालतच नाहीत, तेव्हा १०८० टीआयला अंगात बळ असूनही दाराबाहेर उभे राहावे लागले, आणि ज्याची २०१८ साली टर उडवली गेली ते आरटीएक्स २०८० आत गेले. एवढेच नव्हे, तर २०२५ च्या आरंभी एनव्हिडियाने डीएलएसएसची चित्र सुधारणारी नवी पद्धत आपल्या सर्व आरटीएक्स कार्डांना खुली केली, तीही त्या सहा वर्षांहून जुन्या कार्डास मिळाली. याच्या उलट, एएमडीने मार्च २०२५ मध्ये आणलेली एफएसआर ४ ही तशाच कामाची पद्धत अधिकृतरीत्या केवळ आरएक्स ९००० मालिकेपुरतीच ठेवली, आणि दोनच वर्षांपूर्वीच्या कार्डांचे धनी हात चोळत बसले. म्हणजे खरेदीची वेळ बरोबर होती की चूक, याचा २०१८ साली दिलेला निकाल २०२५ साली फिरवावा लागतो. आणि खरेदीच्या दिवशी हे कळण्याचा उपाय कोणाजवळही नसतो.

मागल्या दाराची वाट

काही चतुर मंडळी या सर्व वादाला बगल देऊन नवी पिढी आली की मागची घेतात, कधी दुकानातला उरलेला साठा, कधी सेकंडहँड. पैशाच्या दृष्टीने हा मार्ग पूर्वी हमखास किफायतीचा होता. अलीकडे मात्र कारखानदार नवी पिढी येण्यापूर्वीच जुन्या पिढीचे उत्पादन आवरते घेतात, आणि त्यामुळे जुना माल साचून स्वस्त होण्याची घटना विरळ झाली आहे. २०२२ च्या शरदात ती घडली ती मायनिंग बुडाल्यामुळे. मायनिंगमध्ये राबलेले कार्ड घ्यावे की नाही, यावरही एकमत नाही. सतत एकाच तापमानावर चाललेल्या चिपेला थंड-गरम होण्याचा जाच कमी होतो असे काही जाणकार म्हणतात; पंखे आणि मेमरीवरील उष्णतावाहक पॅड मात्र झिजतात हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकते, तिथे हे दुसरे कलम अधिक काळजीपूर्वक वाचावे.

भारतीय बाजाराचे वेगळेपण

वर डॉलरांत जे हिशेब मांडले ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या दुकानांत जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथे कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे, आयातदार आणि वितरकाचा नफा आहे, आणि सर्वांवर रुपयाचा विनिमय दर आहे. २०१६ च्या मध्यास डॉलर सुमारे ६७ रुपयांना होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. तीनशे डॉलरांचे कार्ड तीनशे डॉलरांचेच राहिले असे धरले, तरी कर लावण्यापूर्वीच त्याची किंमत २०,१०० वरून २७,००० रुपयांवर जाते. अमेरिकन खरेदीदाराला थांबून जे काही मिळते त्यातला एक वाटा भारतीय खरेदीदाराकडून रुपया आधीच वसूल करतो. आणि 'थांबा' हा परदेशी सल्ला येथे उतरवून घेताना ही वजावट करण्याचे भान फारच थोड्यांना असते.

दुसरे असे की, येथे जाहीर किंमत आणि बिलावरील किंमत यांचे नाते सैल आहे. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० ची भारतातील किंमत २,१४,००० रुपये आणि ५०७० ची ५९,००० रुपये जाहीर झाली. पण जुळणीदारांची बरीच कार्डे त्याहून चढ्या भावाने विकली गेली. दसरा-दिवाळीच्या सवलती असतात, त्यांत बँकेच्या कार्डावरील सूट धरून चांगला सौदा पदरात पडतोही. मात्र ती सूट बहुधा दुकानात पडून असलेल्या मालावर असते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकरवी कार्ड मागवण्याची जुनी प्रथा अजून चालू आहे. त्यात वॉरंटीचा प्रश्न उरतो, कारण अनेक कंपन्यांची हमी ज्या देशात बिल फाडले त्या देशापुरतीच असते. कार्डाबरोबर वीज पुरवणारा एसएमपीएसही बदलावा लागणार असेल तर तो खर्च आरंभीच धरावा, हे सांगण्याची गरज नसावी. तरी दुकानदारांच्या बोलण्यावरून ती आहे असे दिसते.

अनिर्णित मुद्दे

यांत पहिला मुद्दा मूलभूत आहे : चिपा यापुढे स्वस्त होणार की नाही? ४००० मालिकेच्या किमतींविषयी विचारले असता एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये मूरचा नियम मृत झाल्याचे सांगितले. त्याच महिन्यात इन्टेलचे तत्कालीन प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी तो जिवंत असल्याची ग्वाही दिली. दोघेही आपापल्या मालाचे विक्रेते, तेव्हा दोघांच्या साक्षी बेतानेच घ्याव्यात. एवढे मात्र खरे की, २०२५ ची ५००० मालिका टीएसएमसीच्या ज्या उत्पादनप्रक्रियेवर निघाली ती ४००० मालिकेपेक्षा मूलतः वेगळी नव्हती, आणि त्यामुळे ५०७० सारखे कार्ड आदल्या वर्षीच्या ४०७० सुपरच्या फारसे पुढे गेले नाही.

दुसरा मुद्दा मेमरीचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीची जी उचल चालवली आहे तिच्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रूशल हा छापच बंद करण्याचे जाहीर केले. ही तंगी तेजी-मंदीच्या नेहमीच्या फेऱ्यातली आहे, की हे तीन कारखानदार आता कायमचे मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळले आहेत, यावर गरजवादी आणि प्रतीक्षावादी यांचे सारे भांडण तूर्त येऊन थांबले आहे.

तिसरा मुद्दा प्रस्तुत लेखकाला सर्वांत लक्षणीय वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. रोनाल्ड कोस यांनी १९७२ साली असे मांडले की, टिकाऊ वस्तूच्या एकाधिकारी विक्रेत्याला शेवटी गिऱ्हाइकांच्या संयमापुढेच नमावे लागते. आज ना उद्या भाव उतरणार हे ओळखून लोक थांबतात, आणि ते थांबतात म्हणूनच भाव उतरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये टीकेचा भडिमार झाल्यावर ८९९ डॉलरांचे आरटीएक्स ४०८० १२ जीबी एनव्हिडियाने मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय या नावाने ७९९ डॉलरांना आणले. १,१९९ डॉलरांच्या ४०८० कडे लोकांनी पाठ फिरवल्यावर जानेवारी २०२४ मध्ये ४०८० सुपर ९९९ डॉलरांना आले. हे कोस यांच्या सिद्धान्ताला अनुकूल दिसते. परंतु त्या सिद्धान्तात विक्रेत्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. जानेवारी २०२० मध्ये संपलेल्या वर्षात एनव्हिडियाच्या १०.९ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी सुमारे ५.५ अब्ज खेळांच्या खात्यावर जमा होते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण उत्पन्न १३०.५ अब्ज झाले आणि खेळांचा वाटा ११.३५ अब्जांवर, म्हणजे शेकडा नवाच्याही खाली राहिला. ज्या विक्रेत्याला तोच कारखाना आणि तीच मेमरी दुसऱ्या, अधिक श्रीमंत गिऱ्हाइकाकडे वळवता येते, त्याच्यावर खेळणाऱ्यांच्या थांबण्याचा दाब कितपत पडेल? २०२२ ते २०२४ च्या प्रसंगावरून याचे उत्तर काढू पाहणाऱ्यांची अडचण अशी की, त्या वेळी लोकांचा संयम, मायनिंगचा अंत आणि शिलकी साठ्याची विल्हेवाट ही तिन्ही कारणे एकाच हंगामात एकत्र आली होती, आणि भाव त्यांपैकी कोणामुळे किती उतरला हे वेगळे काढून दाखवणे आजवर कोणाला साधलेले नाही.